डावं-उजवं

“मी नवऱ्याच्या जिवावर उठलेय, असं माझी लेक म्हणते,” काकू म्हणाल्या. पुढे केलेल्या खुर्चीत बसायचं त्यांना सुचलंच नाही.

वहिनींनी त्यांना हात धरून बसवलं. खासगी तपासाचं काम वहिनींचं. धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, त्यांचे मदतनीस. भाऊजींचा रुबाब पाहिला तर कोणालाही उलटंच वाटावं.

काका जिन्यावरून पडले होते. डोक्याच्या उजव्या बाजूला मार बसून मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्यात रक्तदाब आटोक्यात होता. घरी आले आणि वरचा आकडा दोनशेच्या पुढे जाऊ लागला. पुन्हा रक्तस्राव झाला तर हाती काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई गोळ्याच देत नाही, हा लेकीचा संशय. उद्या ती बाबांना शुश्रूषागृहात हलवणार होती.

“गोळी कशी देता?” वहिनींनी विचारलं.

“दवाखान्यात नर्स तोंडात घालायची. माझ्या हातून घेत नाहीत. केळ्याच्या फोडीत लपवते, ताटात माझ्या बाजूला ठेवते आणि आत निघून जाते.”

“थांबत नाही?”

“काय थांबू? माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. काही विचारलं तर उत्तर खिडकीला. लेक आली की मात्र कळी खुलते. असं डावं-उजवं त्यांनी कधी केलं नव्हतं हो. एका घरात राहून मी एकटी पडलेय.”

“लेकीचाच डाव!” भाऊजी कुजबुजले. ते काकूंनाही ऐकू गेलं.

“भाऊजी, जरा दम धरा.”

तिघं काकूंच्या घरी पोहोचली, तेव्हा दारात कुत्रा आडवा पसरला होता. भाऊजी त्याला ओलांडून गेले तरी हलला नाही.

“पूर्वी घंटा वाजली की घर डोक्यावर घ्यायचा,” काकू म्हणाल्या. “हल्ली नुसता पेंगतो.”

काका जेवत होते. दाढी स्वतःच केलेली, पण डाव्या गालावर खुंट तसेच. उजवीकडे, खिडकीपाशी, लेक. डावीकडे काकूंची रिकामी खुर्ची.

“रोज अर्धं टाकतात,” लेक तुटकपणे म्हणाली. “उरलेलं मी कुत्र्याला घालते. गोळ्यांचं आईला विचारा.”

काकांनी चमचा खाली ठेवला. वहिनींनी ताट अर्धं फिरवून डावी बाजू उजवीकडे आणली. काकांनी चमचा पुन्हा उचलला आणि ते उरलेलं खाऊ लागले.

भाऊजी बघतच राहिले.

“गोळ्या कोणी चोरत नाही,” वहिनी म्हणाल्या. “मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की कधीकधी डावीकडे लक्षच जात नाही. डोळे धड असून उपयोग नाही. म्हणून डावा गाल राहिला, डावं ताट राहिलं. फोडही तिथेच राहते आणि कुत्र्याच्या पोटात जाते.”

“म्हणून तो पेंगतो!” भाऊजी ओरडले.

“आधी डॉक्टरांना फोन. चुकलेल्या गोळ्या मनाने भरून काढू नका. मग कुत्र्याला त्याच्या डॉक्टरकडे न्या.”

“आई, मी तुला काय काय बोलले…” लेक उठली. तिची खुर्ची रिकामी झाली.

“काकू, डावं-उजवं तुम्हीच सांगितलं होतंत,” वहिनी हळूच म्हणाल्या. “त्यांनी तुमच्याकडे तोंड फिरवलेलं नाही. तुम्ही त्यांना दिसतच नव्हता. या, इकडून बसा.”

काकू बिचकत खिडकीपाशी बसल्या. काकांनी मान वर केली.

“अगं, होतीस कुठे इतके दिवस? किती वाळलीस!”

“इथेच होते,” काकू म्हणाल्या आणि पदरात तोंड लपवून रडू लागल्या.