तीनशे फुटांवरचा फेरा

गुरुवारी दुपारी मी खोपीतल्या रेडिओच्या बॅटऱ्या बदलायला गेलो होतो. खोपी म्हणजे आमच्या हौशी विमान मंडळाच्या मैदानाच्या टोकाला, कुंपणाला टेकून उभी केलेली लाकडी टपरी. आत टेबल, दुर्बीण आणि रेडिओ. कुंपणापलीकडे सडक. मी मंडळाचा मेकॅनिक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली दोन विमानं तीस वर्षं माझ्याच हाताखाली राहिली. त्यातलं आता एकच उरलंय. कसरतींच्या वेळी खोपीत बसून उंचीवर नजर ठेवायची आणि गडबड दिसली की रेडिओवर ‘सोड’, म्हणजे कसरत सोडून दे, म्हणायचं, हेही माझ्याकडेच.

दुसरं विमान कसं गेलं ते आधी सांगतो. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

उभा फेरा म्हणजे विमानानं नाक वर करायचं, माथ्यावर उलटं व्हायचं आणि खाली येत गोल पुरा करायचा. नव्या विमानाला त्याचं काही वाटत नाही. सत्तर-ऐंशी वर्षांचं इंजिन मात्र चढतानाच दमतं. उन्हाळ्यात हवा विरळ, मग तर विचारूच नका. म्हणून आमच्या जुन्या शिक्षकांनी नियम लिहून ठेवला होता, की फेऱ्याचा तळ जमिनीपासून दीड हजार फुटांवर हवा. अध्यक्षांनी तो तीनशेवर आणला. इतक्या लांबून लोकांना काय डोंबल दिसणार, म्हणाले. वैमानिकाचा चेहरा दिसला पाहिजे. मी लेखी हरकत घेतली. तो कागद पुढे कुणालाच सापडला नाही.

गेल्या वर्षी प्रदर्शनात ते विमान फेऱ्यातून बाहेर आलंच नाही. सडकेवर आपटलं. वैमानिक वाचला, पण दोन्ही पाय गेले. सडकेवर एक बाई होती, शिवणकाम करणारी, स्कूटरवर तिच्या मागे सात वर्षांची मुलगी, आणि सायकलवर एक निवृत्त पोस्टमन. तिघंही जागच्या जागी गेली. त्यांच्यातलं कुणीही आमचा खेळ बघायला आलं नव्हतं. बाई कुणाचे तरी शिवलेले पडदे पोचवायला निघाली होती. मी ‘सोड’ म्हणालो होतो हो. पण तीनशे फुटांत तो शब्द कानात शिरायलासुद्धा वेळ नसतो. चौकशी झाली, ‘वैमानिकाची चूक’ असं लिहून सगळे मोकळे झाले. तीनशे फुटांचा उल्लेखही नाही. आणि यंदा पुन्हा प्रदर्शन, पुन्हा तोच फेरा, तेच तीनशे फूट.

तर गुरुवारी सराव चारला होता. नवी वैमानिक तिशीच्या आतली, मला काका म्हणते. अध्यक्षांनी कुणी फोटोवाला आणला होता, म्हणून तिला साडेतीनलाच उडवलं. मला कळवायचं कुणाला सुचलं नाही. मी रेडिओच्या जुन्या बॅटऱ्या काढून टेबलावर ठेवल्या होत्या, नव्या माझ्या मुठीत होत्या, आणि डोक्यावर इंजिनचा आवाज.

तेवढ्यात गवतातले किडे गप्प झाले. भर उन्हात खोपीत गारवा आला आणि त्याच्याबरोबर जळक्या रबराचा, जळक्या कापडाचा वास. मी दारात आलो. विमान माथ्यावर उलटं होतं, आणि इतकं संथ, की मला बघताक्षणीच कळलं. कमी पडणार. उंची निदान तीन-चारशे फूट कमी पडणार.

मी बॅटऱ्या बसवायला गेलो. एक हातातून निसटली, टेबलाखाली गेली. वाकून शोधण्यात अर्थ नव्हता. मी तसाच उभा राहिलो आणि विमान नाकावर खाली येताना बघत राहिलो.

मग माझं लक्ष सडकेकडे गेलं. तिथे तिघं उभी होती. एक बाई, एक म्हातारा, मधे एक लहान मुलगी. तिघांचे हात वर. निरोप देतात तसे नव्हे. माळ्यावरून जड ट्रंक उतरवताना आपण खालून तळवे लावतो ना, तसे.

विमान झाडांच्या शेंड्यांखाली आलं. आणि आवाज बंद झाला. वारा नाही, इंजिन नाही, काही नाही... ते सडकेच्या वर, माणूसभर उंचीवर आडवं झालं, क्षणभर तिथंच राहिलं आणि वर उचललं गेलं. मग एकदम सगळा आवाज परत आला. सडकेवर कुणी नव्हतं.

ती उतरली तेव्हा मी धावत गेलो. ती जागेवरून उठेना. पट्टे मीच सोडले. म्हणाली, “काका... रेडिओवर कोण होतं?”

मी ग्रीसनं माखलेली मूठ उघडून उरलेली बॅटरी दाखवली.

“बाई होती कुणीतरी,” ती म्हणाली. “हात खाली घेऊ नकोस, अजून थोडं, असं म्हणत होती. मला नव्हे... लहान मुलीला सांगतात तसं.”

संध्याकाळी मी विमानाखाली सरपटत गेलो, कुठे काही घासलंय का बघायला. पोटावर काळे पंजे उमटले होते. सहा. दोन अगदी लहान, बोटं ताणून फाकलेली. पेट्रोलनं पुसले, गेले नाहीत.

अध्यक्षांना नेऊन दाखवले. त्यांनी पाच सेकंदं पाहिलं. म्हणाले, फोटो अप्रतिम आलेत, रविवारी फेरा अस्साच झाला पाहिजे. आणि पोटाला रंग मारून घ्या. मी म्हणालो, तीन माणसं मेलीत साहेब. ते म्हणाले, मागचं किती दिवस उगाळणार?

पोरीनं उडायला नकार दिला, त्यांनी बाहेरून दुसरा वैमानिक बोलावला. मी उड्डाणाच्या दाखल्यावर सही नाकारली, त्यांनी दुसऱ्याची घेतली. मी सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं अर्ज उलटासुलटा करून पाहिला आणि सोमवारी या म्हणाला. प्रदर्शन रविवारी. तेव्हा मी ठरवलंय, रविवारी मी स्वतः त्या सडकेवर लाल फडकं घेऊन उभा राहणार. एकही वाहन तिथून पुढे सोडणार नाही. मंडळानं हाकलून दिलं तरी चालेल.

शुक्रवारी रंगाऱ्यानं विमानाला दोन हात रंग दिला. त्यानंतर मी त्याला बोटही लावलेलं नाही. आज शनिवारी सकाळी फक्त खाली वाकून बघितलं. पंजे रंगातून वर आलेत, आणि आता आठ आहेत. नवे दोन मोठ्या माणसाचे. बाकीच्या सहांना काजळी आहे.

या दोन्हींना ग्रीस.