हौशीरामचा तांब्या

बॅटरी बंद कर रे राकेश, डोळ्यावर येती. आन् मधी बोलायचं न्हाई. ही गोष्ट माझ्या मावसभावाची, डिंगोऱ्याच्या हौशीरामची. खोटं वाटलं तर त्याला जाऊन विचारा. सांगणार न्हाई त्यो, पण तोंड बघा त्याचं.

नव्व्याण्णव साल, पौषातली अवस. हौशीराम डबा आन् पाण्याचा तांब्या घेऊन ओतूरच्या रस्त्याला कांद्याच्या वखारीवर राखणीला निघाला. वखारीत कांदा नव्हता, इमान व्हतं. म्हंजी, इमानाचं तुकडं. महिन्यामागं आमच्या डोंगरावर प्रवाशांचं इमान पडलं व्हतं. चौकशीच्या सायबानं जमिनीवर चुन्यानं इमानाचा आकार आखला, आन् एकेक तुकडा ज्याच्या त्याच्या जागी मांडला. कुठला कसा मोडला, त्यावरनं इमान कसं पडलं ते कळतं.

पडलं तवा पयला पोचला हौशीराम. पायलट जित्ता व्हता. ह्याच तांब्यातनं त्याला पाणी पाजलं. पायलट म्हणला, “शेपूट वरच तुटलं. माझी चूक नाही. सांगाल?”

हौशीराम म्हणला, “सांगीन.” त्या शब्दावर पायलटनं डोळं मिटलं.

शेपटाचा तुकडाबी हौशीरामनंच करवंदीच्या जाळीतनं काढला. सायबानं त्याला तुटकी कड दावली. हे काळं म्हंजी जुनी चीर, ताजं मोडल्यालं चकाकतं. तुझा पायलट सुटला, म्हणला. हौशीरामला लई भरून आलं राव.

मग अवसंच्या आदल्या सांजंला सायबानं त्याच्या हातात पॉलिश पेपर दिला. उद्या मोठं साहेब येणार, तुकडा साफ करून ठेव. आपल्याकडं देवाची भांडी कशी घासत्यात? तसा घासला गड्यानं. मेलेल्या माणसाची वस्तू म्हणून, हात दुखंस्तवर. काळं पार गेलं.

सकाळी मोठं साहेब आलं. कड समदी चकचकीत. म्हंजी खाली आपटूनच मोडलं, चूक पायलटची. हौशीराम म्हणला, “साहेब, काळं तुमीच दावलं व्हतं की.”

“कुठलं काळं?” चौकशीचा सायब म्हणला. वर बघितलंबी न्हाई त्यानं. केसानं गळा कापला लेकानं.

त्याच रात्री हौशीराम वखारीच्या दाराम्होरं खाटंवर पडला. वखार कुलूपबंद, चावी करगोट्याला. भरला तांब्या उशाला. डोळा लागंना.

मध्यानरात झाली. कुत्री गप झाली.

आत पत्रा वाजला.

मग पावलं. शेपटाकडनं पुढं... सावकाश.

कुलूप तसंच. पण खाटंपाशी कुणीतरी उभं.

हौशीरामनं वळखलं. उशाचा तांब्या पुढं केला. “पाणी घ्या.”

“सांगणार होता ना?”

“मला... मला फसवलं वो.”

“मलाही,” त्यो म्हणला. “तुम्ही.”

पुढलं हौशीरामला ठावं न्हाई.

उजाडलं तवा उशाला तांब्या नव्हता. चावी करगोट्यालाच व्हती. त्यानं कुलूप काढलं. आत, चुन्याच्या रेघंत, पायलट बसतो त्या जागी तांब्या व्हता.

पालथा.

ज्याच्याशी तुटलं, त्याच्या हातचं पाणी आपण घेत न्हाई...

हौशीरामनं तांब्या उचलला. खालची माती कोरडी ठणठणीत व्हती. पाणी सांडलं नव्हतं, पिलं व्हतं.