खाणीच्या रेडिओवरचा निरोप

सातुर्निनो माझा खाणीतला जोडीदार. खोटं त्याला जमायचं नाही, पत्त्यांतसुद्धा हरायचा. म्हणून सांगतो.

गेल्या वर्षी चौदा ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळचे सात वाजून गेलेले. दुसऱ्या दिवशी ओरुरो शहरातला भंगारवाला येऊन आपल्या रेडिओ स्टेशनचं उरलंसुरलं सामान नेणार होता. सातुर्निनोला तिथला जुना टेपरेकॉर्डर तेवढा काढून आणायचा होता. निघताना त्याची बायको बेनिता म्हणाली, "सगळा जन्म त्या स्टेशनाशी संसार केलास. आज तरी वेळेवर जेवायला ये."

"तू सूप चुलीवर ठेव, तोवर आलोच."

ते स्टेशन आम्ही खाणकामगारांनी उभं केलेलं, प्रत्येकाने एकेका दिवसाची मजुरी देऊन. सातुर्निनो यंत्रं सांभाळायचा आणि एउलोहियाबाई निरोप वाचायची. अमक्याची आई आजारी आहे, तमक्याने खेचर घेऊन घाटात यावं. डोंगरापलीकडे फोन नव्हते, तिचाच आवाज होता. सत्ता बळकावलेलं सैन्य खाणीवर चालून आलं त्या पहाटे ती जखमींची नावं वाचत होती. दार फुटलं तरी वाचत होती. एक नाव अर्धंच राहिलं...

पुढे तिच्या माघारी स्टेशन पुन्हा सुरू केलं आम्ही. पण खाण बंद पडली, माणसं पांगली, आणि त्या जुलैत रेडिओचा मनोराही कापून नेला.

"मग आजोबा, मनोराच नाही तर रेडिओ लागणार कसा?"

फेलिसा, तेच तर सांगतोय. ऐक.

सातुर्निनो आत शिरला. वीज कधीच तोडलेली. हातात बॅटरी. त्याने टेपरेकॉर्डर उचलायला हात घातला आणि दारावरचा लाल दिवा लागला. तो दिवा लागला की कोणी बोलायचं नाही. इतक्या वर्षांची सवय. तो होता तिथेच थांबला.

स्टुडिओच्या काचेपलीकडे कोणी नव्हतं.

आवाज होता.

एउलोहियाचा.

"मार्सेलिनाच्या घरच्यांना... तिचा मुलगा परत येणार नाही... कोंदोरी कुटुंबाला... वाट पाहू नका..."

एकेक नाव. सगळी गेलेली माणसं.

मग ती थांबली. कागद उलटल्यासारखं वाजलं...

"सातुर्निनो चोके यांना. पत्नी बेनिताकडून. सूप चुलीवर आहे. मी वाट पाहिली. आता निघते. तिथे असशील तर बोल..."

बराच वेळ काही नाही.

दिवा विझला.

तो धावला. एवढ्या उंचावरच्या विरळ हवेत, त्या वयात, कोणी धावत नाही.

बेनिता चुलीशेजारी भिंतीला टेकून बसली होती. सुपाला वाफ होती. त्याने एकदा हाक मारली. दुसऱ्यांदा मारली नाही.

त्यानंतर चारच महिने काढले त्याने. या गोष्टीबद्दल बोलला एकदाच, माझ्याशी.

"दिवा लागला होता रे. म्हणून मी बोललो नाही."



बेनिता गेली त्या रात्री तिला आंघोळ घालायला माझी बायको गेली होती. तिने मला आत बोलावलं आणि बेनिताचा हात उचलून दाखवला. बेनिताला लिहिता येत नव्हतं. अशी माणसं निरोप द्यायला आली की एउलोहिया वहीत त्यांचा अंगठा उठवून घ्यायची. ती वही सैनिकांनी चौकात जाळली, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली.

बेनिताचा डावा अंगठा शाईने निळा होता.

बायकांनी तीनदा धुतला. मग तसंच पुरलं तिला.