सभामंडपातली जांभळी पावलं

वडनेरीच्या शेवटच्या शेतातलं कुटार पिवळंच राहिलं, तेव्हा डॉ. कुमुदिनी ढोक यांचे हात आपोआप जोडले गेले.

कीटकनाशकांचा कारखाना फुटून गाव रिकामं झालं, त्याला नऊ वर्षं झाली. इथल्या प्रयोगशाळेतले सोबती एकेक करून निघून गेले, कुमुदताई राहिल्या. बारीक केलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या नि सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसकट, मातीत कालवायचं, वर विषदर्शी जिवाणू शिंपडायचे, ओल राखायची. काडी फोडायला हे जिवाणू जो रस सोडत, त्यानंच विषही फुटे. आणि विष लागलं, की ते जांभळे होत.

दुपारी ताई बूट बाहेर काढून देवळात जात. गावच्या कीर्तनकार बुवांच्या जागी उभं राहून, झांज वाजवत, रिकाम्या सभामंडपापुढे एकट्याच कीर्तन करीत. मध्यंतराला बुक्का लावायला कपाळ नसे. मग खांबालाच लावीत.

"आता देऊळ तेवढं तपासा," शहरातले सहकारी बोबडे पडद्यावरून म्हणाले. "आत कुठंच जांभळं नाही निघालं, की कुंपण उघडलं. एकादशीला गाव परत, बुवांचं कीर्तन! इतकी वर्षं बुवा तुम्हीच, श्रोत्या तुम्हीच. बिदागी तरी कुणी दिली हो?"

"बाकी आहे. बुवांच्या हातून बुक्का लावून घेईन, तीच."

ताईंनी फरशीवर जिवाणू शिंपडलेलं कुटार पसरलं. बघता बघता बुवांच्या जागी दोन पावलं जांभळी उमटली.

"बुटाची माती असेल," बोबडे म्हणाले.

"देवळात बूट? काहीतरीच काय! अनवाणी असते मी."

बोबडे हलकेच म्हणाले, "ताई, कुटारावर तळहात ठेवता जरा?"

ठेवला. उचलला, तर खाली पाच बोटं.

"पाणी बाहेरून यायचं," ताई सावकाश म्हणाल्या, "पण हवा इथलीच. धूळ अंगात साठली, ती आता घामातून येतेय."

"काहीतरी काढू आपण..."

"हे जिवाणू मातीतच जगतात, बोबडे. अन् मी आत असेपर्यंत कुंपण उघडायचं नाही."

तो नियम ताईंनीच लिहिला होता.

त्यांनी पावलांवर ताजं कुटार अंथरलं, ओल दिली, झांज पिशवीत घातली. पायरीवर बूट चढवताना म्हणाल्या, "मी कुंपणापलीकडच्या चौकीत एकटीच राहीन. गावाला एक निरोप द्याल?"

"सांगा ना, ताई."

"एकादशीला देवळाच्या भोंग्याचं तोंड चौकीकडे ठेवा म्हणावं."