पांढरीपांड्यांचा अडॅप्टर

"माह्या घरात चोरी झाली, आणि चोर मले माहीत आहे," असं म्हणत रामकृष्ण पांढरीपांडे खुर्चीत बसले. खुर्ची करकरली.

इरावती घटाटेंनी चष्मा पुसायला घेतला. रायपूरच्या पंडरी बाजारात एका साड्यांच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं तपासाचं ऑफिस होतं. येणारी माणसं बहुतेक लग्नाआधी पोराची गुपचूप चौकशी करून घेणारी. खरीखुरी चोरी आली की कोपऱ्यातले गुलाबराव मेश्राम ताठ बसत. रेल्वेतून तिकीट तपासनीस म्हणून ते निवृत्त झाले, घरी बसवेना म्हणून बाईंच्या मदतीला येऊ लागले. बिनतिकीट माणूस चेहऱ्यावरून कळतो तसा चोरही कळतो, अशी त्यांची श्रद्धा होती. आजवर ती एकदाही खरी ठरली नव्हती, पण त्यामुळे गुलाबरावांचं काही अडलं नव्हतं.

"चोर माहीत आहे तर आमच्याकडे काहून आले?" इरावतीताईंनी विचारलं.

"पुरावा पायजे."

"गेलं काय?"

"अडॅप्टर."

"मोबाइलचा?" गुलाबरावांनी विचारलं.

पांढरीपांड्यांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की गुलाबरावांना आपलंच तिकीट हरवल्यासारखं वाटलं.

पांढरीपांडे वीज खात्यातून निवृत्त झालेले. लोक नाणी जमवतात, हे जुने संगणक जमवत. शंकर नगरच्या घरात पाहुण्यांना झोपायला जागा नव्हती, पण तीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांना होती. "जुन्या संगणकाच्या खाचेत पुढच्या पिढीचा प्रोसेसर बसत नाही," ते सांगू लागले. "विजेचा दाब जुळत नाही. मंग मधात हा अडॅप्टर ठेवाचा. चार बोटांची हिरवी पट्टी. वरून भोकं, खालून सोनेरी पिना, चौकोनात चौकोन. नवा प्रोसेसर वर बसते, पट्टी खाली खाचेत बसते, अन् म्हातारं यंत्र पळाले लागते! आता कोणी बनवत नाही हो हे."

"म्हणजे ज्याइचं आपसात जमत नाही त्याइचं जमवून देते," गुलाबराव म्हणाले.

"बरोबर!" पांढरीपांडे पहिल्यांदाच खूश झाले.

"आणि चोर?" इरावतीताईंनी विचारलं.

"यशदीप," ते म्हणाले, थोडे थांबले, मग आडनाव सांगितलं. "रामटेके. रेल्वेच्या वॅगन कारखान्यात इंजिनिअर आहे. त्यालेही हाच नाद. त्याच्यातूनच आमच्या राधिकेची अन् त्याची ओळख झाली. उद्या रविवारी त्याचे मायबाप बोलणी कराले येणार होते. मी नाही म्हणून कळवलं. बीपी वाढलं म्हटलं. खरं कारण घरात कोणालेच सांगितलं नाही. त्याच्याकडे अडॅप्टर निघाला, का लग्नाचा विषय संपला."

"आणि नाही निघाला तर?"

"कसा नाही निघणार?" पांढरीपांडे म्हणाले, आणि घाईनं पुढे बोलले, "आमचा तसा काही विरोध नाही हं. मी साऱ्याइले सारखंच मानतो. परवा छेरछेरा होता, दारोदार तांदूळ मागाचा सण, शेजारचे मूठ मूठ तांदूळ टाकून राहिले होते. पाऱ्यातले, म्हणजे मागच्या वस्तीतले, पोट्टे-बाया माह्या दारात आल्या, तर मी अख्खी कोठी उपडी केली त्याइच्या झोळीत! तुमचं नाव काय म्हणाले?"

"मेश्राम."

"हां, हां. चहा मस्त आहे."

चहा अजून आला नव्हता.

इरावतीताईंनी सगळा क्रम विचारून घेतला. छेरछेराच्या आदल्या दिवशी दुपारी पांढरीपांड्यांकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायकांनी पाहावं म्हणून यांनीच अडॅप्टरची पेटी दिवाणखान्यातल्या टेबलावर उघडी ठेवली होती आणि स्वतः बायकांना घाबरून आतल्या खोलीत बसले होते.

"पाहिला बायकांनी?"

"एकीनं विचारलं म्हणे, हे चॉकलेट आहे का."

संध्याकाळी दोघं जण येऊन गेले. एक यशदीप. दुसरे विनायक ठोंबरे, गोल बाजारातले भांडेवाले, यांच्यासारखेच नादिष्ट. दुसऱ्या दिवशी, छेरछेराचं वाटप आटोपल्यावर, यांनी पेटीत डोकावलं तर अडॅप्टर गायब.

शंकर नगरच्या घरात पेटी अजून टेबलावरच होती. आत मखमलीत दोन खळगे. एकात प्रोसेसर, प्लास्टिकच्या बंद पाकिटात. दुसरा खळगा रिकामा. त्या खळग्याची मखमल एका बाजूनं आखडलेली, आणि पेटीवरच्या चिठ्ठीची शाई पसरलेली. इरावतीताईंनी पेटी नाकाशी नेली. बाईंनी केलं म्हणून गुलाबरावांनीही वास घेतला. त्यांना लग्नाच्या मांडवात शिरल्यासारखं वाटलं, आणि भूक लागली.

पद्मिनीबाई, म्हणजे सौ. पांढरीपांडे, चहा घेऊन आल्या. गुलाबरावांचा पाहण्याचा उत्साह जरा जास्तच होता. कोपर लागलं, आणि कप त्यांच्याच मोबाइलवर आडवा झाला.

"अरे देवा!" गुलाबराव ओरडले. पण पद्मिनीबाईंनी एक अक्षर न बोलता मोबाइल उचलला, पदरानं टिपला, स्वयंपाकघरात नेला आणि तांदळाच्या पोत्याची शिवण उसवून आत खुपसला.

"राहू द्या उद्यापर्यंत. आमच्या घरचं सारं असंच वाळते," त्या म्हणाल्या. "नवा तांदूळ आणावा लागला, मोकळा शिजूनच नाही राहिला. कोठीतला जुना यांनी दानात घातला ना."

"अडॅप्टर तुम्ही पाहिला होता?" इरावतीताईंनी विचारलं.

"मले त्यातलं काय कळते बाई," पद्मिनीबाई म्हणाल्या आणि लगबगीनं बशा उचलू लागल्या. त्यात चहा न घेतलेल्या इरावतीताईंची बशीही गेली. चेहऱ्यावरून चोर ओळखणाऱ्या गुलाबरावांना ही माउली अगदीच निष्पाप वाटली.

पांढरीपांड्यांच्या मुलीनं, राधिकेनं, त्यांना फाटकाशी गाठलं. बँकेत नोकरी करणारी, रायपूरच्या बाकी पोरापोरींसारखीच अर्धं हिंदीत बोलणारी.

"मॅडम, बाबांना काही बीपी-वीपी नाही. कल ही समोसे खाए उन्होंने." तिचे डोळे भरले होते. "यशदीपच्या आईला सगळं समजतं. ती एकदा तयार झाली यायला, खूप मुश्किलनं. उद्या नाही झालं, तर ती परत या दारात येणार नाही. आणि ती नाही आली तर मी त्याला कोणत्या तोंडानं हो म्हणू?"

गुलाबरावांच्या धाकट्या मुलीच्या वेळी एका घरानं असंच अचानक आजारपण काढलं होतं. त्यांनी खाकरून नाक शिंकरलं.

गोल बाजारात विनायक ठोंबरे पातेल्यांच्या थप्पीआडून उगवले. दुकानाच्या मागच्या भागात कुकरांच्या रांगेत दोन जुने मॉनिटर ठेवले होते.

"मागितला होता ना मी तो अडॅप्टर!" ते म्हणाले. "कितीदा तरी मागितला. बदल्यात कीबोर्ड देतो म्हटलं, पितळेचा बंब देतो म्हटलं. देईनातच. त्या संध्याकाळी गेलो तो तेच बोलाले. पण पेटीत तो नव्हताच! म्हटलं, मले पाहून लपवला बुढ्यानं."

"पेटीत दुसरं काही होतं?"

"प्रोसेसर होता ना, त्याच जोडीचा. आता मले सांगा ताई, मी चोरी केलीच असती, तर एकटा अडॅप्टर नेला असता? झाकण नेऊन कुकर सोडणारा चोर पाहिला का तुम्ही?"

"मले याचाच संशय आहे," रस्त्यावर येताच गुलाबराव म्हणाले. "लय बोलते."

यशदीप रेल्वे कॉलनीत भेटला. शांत मुलगा, बोटांना शाईसारखं काळं ग्रीस. "काकांनी बीपी सांगितलं," तो म्हणाला. "आम्हाला आदत आहे अशा बीपीची." मग स्वतःच ओशाळला. "मी गेलो तेव्हा ठोंबरेकाका निघत होते. पेटीत जागा रिकामी दिसली, वाटलं काकांनी मशीनमध्ये बसवला. थोडं वाईट वाटलं. रविवारी साथ में बसवायचं ठरलं होतं."

"तुम्ही मागितला होता कधी?"

"त्यांचा जीव आहे त्यात. कशाला मागू?"

"याचाही संशय आहे," गुलाबराव सवयीनं म्हणाले, पण या वेळी आवाजात जोर नव्हता.

इरावतीताई हसल्या. "तुम्ही शंकर नगरला जाऊन साऱ्यांना बसवून ठेवा. ठोंबरेंनाही बोलवा. मी जरा पाऱ्यातून येते."

संध्याकाळी दिवाणखान्यात सगळे जमले. यशदीपला मात्र इरावतीताईंनी मुद्दाम बोलावलं नव्हतं.

"चोर नाही आला?" पांढरीपांड्यांनी विचारलं.

"अडॅप्टर घराबाहेर नेणारा माणूस इथंच बसला आहे," इरावतीताई म्हणाल्या.

गुलाबरावांनी ठोंबऱ्यांकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. ठोंबऱ्यांनी घाबरून तिळाचा लाडू अख्खाच तोंडात टाकला.

"संध्याकाळी ठोंबरे आणि यशदीप आले तेव्हा पेटीतली अडॅप्टरची जागा रिकामीच होती. दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी हेच सांगितलं, आणि एकमेकांना वाचवावं एवढं त्यांचं सूत नाही. म्हणजे वस्तू त्याआधीच हलली. शिवाय ज्याला यातलं कळतं, तो प्रोसेसर मागे ठेवणार नाही. म्हणून नेणाऱ्याला तिची किंमत ठाऊक नव्हती. मग नेली कशाला? आणि दोनांतली एकच का?"

त्यांनी टेबलावरची पेटी उघडून सगळ्यांसमोर धरली.

"कारण एकच भिजली होती. प्रोसेसर पाकिटात कोरडा होता. अडॅप्टर उघडा होता. मखमल आखडली, शाई पसरली, आणि पेटीला वास येतो गुलाबपाण्याचा. हळदीकुंकवाला गुलाबदाणी फिरते. पद्मिनीताई, हात जरा मोकळा सुटला ना?"

पद्मिनीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आणि या घरात काही भिजलं तर ते कुठे जातं, हे गुलाबरावांच्या मोबाइलनं मला दाखवलं."

"तांदळात!" गुलाबराव उभेच राहिले.

"कोठीतल्या तांदळात. सकाळी वाळलं की गुपचूप परत ठेवायचं, एवढाच बेत. पण सकाळी छेरछेरा आला, आणि या घरातल्या एका दानशूर माणसानं कोठी उपडी केली. पांढरीपांडे, तुमचा अडॅप्टर तुम्हीच झोळीत टाकला."

तेवढ्यात दारातून कांताबाई आत आली. पाऱ्यातल्या बायांची ती पुढारीण. तिनं ओंजळीतला रुमाल उघडला. हिरवी पट्टी होती, सोनेरी पिना शाबूत, आणि चारही कोपऱ्यांना कुंकू.

"चाउर निमारत रहेंव, त निकलिस," ती म्हणाली. तांदूळ निवडताना सापडली. चौकोनात चौकोन पाहून बायांना ते श्रीयंत्र वाटलं, म्हणून तिनं ते देवापाशी ठेवलं आणि दोन दिवस दिवा लावला. "रोज पूजा करेन, हव!" रोज पूजा केली, असं ती ठासून सांगत होती.

ठोंबऱ्यांच्या घशात लाडू अडकला. राधिका रडता रडता हसली. पद्मिनीबाई मात्र नवऱ्याकडे वळल्या.

"हळदीकुंकवाच्या बायांनी यंत्राले हात लावला तर पुढच्या वर्षीपासून सारं बंद, असं कोण म्हणालं होतं? म्हणून मी गप्प बसले. पण तुम्ही याच्यापायी पोरीची बोलणी मोडली? मले बीपी सांगितलं? एका शब्दानं बोलले असते तर मी तेव्हाच सांगितलं असतं ना!"

"बरं, झालं ते झालं," पांढरीपांडे अडॅप्टर छातीशी धरून म्हणाले. "सापडला ना! राधिके, लाव फोन. म्हण, या उद्या."

"एक राहिलं," इरावतीताई म्हणाल्या. "त्या संध्याकाळी दोघं आले होते. ठोंबरेंनी ही वस्तू कितीदा मागितली, तुम्हाला ठाऊक आहे. यशदीपनं एकदाही मागितली नाही. तरी माझ्याकडे येताना तुम्ही एकच नाव घेऊन आले. काहून?"

"आमचा तसा काही..." पांढरीपांडे म्हणाले. त्यांनी गुलाबरावांकडे पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. गुलाबरावांनी नजर हलवली नाही. त्यांना राग आला होता, आणि तो आलेला साऱ्यांना दिसावा असंही वाटत होतं.

"फोन नाही लावणार मी," राधिका म्हणाली. "उनको यहाँ नहीं बुलाना, बाबा. तुम्ही जा त्यांच्याकडे. आत्ता."

मग पांढरीपांड्यांनी अडॅप्टर बायकोच्या हातात दिला, पायात चपला सरकवल्या आणि दाराशी थांबले.

"मेश्रामसाहेब, तुम्ही येता का सोबत?"

"नाही. फाटकापर्यंत येतो."

फाटकाशी त्यांची स्कूटर होती, घरातल्या इतर यंत्रांच्याच वयाची. पांढरीपांड्यांनी किल्ली फिरवली आणि मान वर न करता विचारलं, "काय सांगू त्याइले?"

"तुमच्या पोराले मनातल्या मनात चोर ठरवलं होतं, ते सांगा. काहून ठरवलं तेही सांगा. त्याच्या मायसमोर."

"अन् हाकलून दिलं तर?"

"तर उद्या पुन्हा जा."

पांढरीपांड्यांनी मान हलवली. किक मारली, पुन्हा मारली. स्कूटर खोकली आणि गप्प झाली. त्यांनी घाम पुसला, आणखी एक किक मारली, पण घरात परत जाण्याचं नाव काढलं नाही. गुलाबरावांनी थोडा वेळ पाहिलं. मग बाह्या सारल्या आणि मागून धक्का मारायला लागले.