पाठ करून बसलेली माणसं

त्या शेडमध्ये शेकडो कुत्री होती आणि एकही भुंकत नव्हतं. पिल्लांचा धंदा करणाऱ्या एका नराधमाकडून ती सोडवून आणलेली. मी जनावरांची डॉक्टर, गोंगाटाला सरावलेली... पण त्या शांततेनं अंगावर काटा आला.

एका पिंजऱ्याकडे पाठ करून एकजण फरशीवर बसला होता.

"अहो, माझ्याकडे बघू नका," तो कुजबुजला.

"तुमच्याकडे बघायला मला काय वेड लागलंय?"

"तसं नव्हे हो! माझ्याकडे बघताना मागे यांच्याशी नजर भिडली की ही घाबरतात. पाठ करून बसायचं, हात मागे, तळहातावर खाणं. आणि हळू बोलत राहायचं."

कुत्र्यांना माणसाळवणं हे त्याचं काम. आवाज असा खणखणीत की सगळे त्याला भोंगा म्हणत. कुजबुजताना बिचाऱ्याची नुसती तारांबळ उडायची!

सलाईन लावून झाली की मीही रोज त्याच्या शेजारी बसू लागले. त्याचा चेहरा धड पाहिला नव्हता, पण मेला हसला की कळायचं—खांदा हलायचा.

"डॉक्टर, तुमच्या केसांना औषधाचा वास येतो."

"मग नाक बंद करा."

"छे! आता सवय लागलीय..."

पण दुपार कलली की सगळी कुत्री एकदम उठून दाराकडे टक लावायची. दारात कुणी नसायचं. त्याच वेळी त्यांचा जुना मालक काठी घेऊन यायचा म्हणे. तो आता कोठडीत होता, तरी मलाही दारावरून नजर हलवायची भीती वाटायची.

आमच्या मागच्या पिंजऱ्यात पिल्लं देऊन देऊन थकलेली एक आई होती. अन्नाला शिवत नव्हती, आणि आता सलाईनला शीरही सापडेना.

"आज नाही खाल्लं तर ही जाईल हो," मी म्हटलं आणि मला रडूच आलं.

तेवढ्यात सगळी उठली. दार किरकिरत आपोआप उघडलं... कुणी नव्हतं. मी त्याचा हात गच्च धरला.

"घाबरलात?"

"हो. बोलत राहा... काहीही बोला."

"काहीही?" तो अडखळला. "मला तुम्ही आवडता, डॉक्टर. फार."

आणि खाणं घेऊन मागे धरलेल्या माझ्या तळहाताला काहीतरी ओलं, ऊबदार लागलं. जीभ!

"डॉक्टर... बोला ना काहीतरी."

"हलू नका. ती खातेय."

"आणि माझं काय?"

"मी हो म्हणतेय ना! पण हलू नका..."

बाकीची सगळी अजून त्या उघड्या दाराकडे बघत होती. ती मात्र खात राहिली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि पुसायला एकही हात मोकळा नव्हता.