काष्टीच्या तंबूतला अ‍ॅम्प्लिफायर

"हात लावू नका!"

लीना दचकून दोन पावलं मागे! आली होती लाउडस्पीकरवाल्या पुंजारामकाकांशी भांडायला. काका बाहेर, आणि दुकानात हा कोण? उघड्या अ‍ॅम्प्लिफायरवर वाकलेला, एक हात कामात, दुसरा चक्क पँटच्या खिशात. केवढी ही मिजास!

"हात लावायचा नाही, तर काय आरती ओवाळायची याला?"

"वाल्व्हचं मशीन आहे हो... आत करंट खेळतोय." तो ओशाळला. "म्हणून तर दुसरा हात खिशात. दोन्ही लागले, तर झटका थेट छातीतून."

लीना पांढरीफटक पडली. आणि हा हसतोय!

तो सुमंत. काकांचा भाचा, दिवसा नागापूरच्या कारखान्यात, संध्याकाळी इथे.

"शनिवारी आमच्या कॉलेजचं गॅदरिंग," ती म्हणाली. "हवाईयन गिटार वाजवणार आहे मी. पहिल्यांदाच, एकटी! आणि काल तालमीत तुमच्या या डब्यातून... म्हैस हंबरली. सगळे हसले हो. पुन्हा हसले ना, तर मी गिटार माळ्यावर टाकणार. कायमची."

सुमंतचं हसू विरलं.

"काष्टीच्या बाजारातला तंबूचा सिनेमा पूर्वी याच मशीनवर बोलायचा. जुन्या फिल्मची चरचर दाबायला टोनच्या सर्किटमध्ये मोठे कंडेन्सर घातलेत. ते तुमच्या सुरांची चमकही गिळतात."

"मग टाका काढून!"

"सगळे काढले तर पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाजेल. एकेक बदलून बघू. मी बदलतो, तुम्ही वाजवा... याल?"

ती रोज गिटार घेऊन यायला लागली. डाग देताना उठणारा राळेचा धूर, वाल्व्हच्या काचनळ्यांचा तांबूस उजेड, आणि मधूनच वर उठणारी त्याची नजर...

"आता?"

"गुळमट."

"आता?"

"बोचतंय. नाही, थांबा — आई गं, गोड!"

शुक्रवारी शेवटचा कंडेन्सर बसला. लीनाने तारेवरून गिटारची स्टीलची दांडी सरकवली, आणि सूर निघाला तो विहिरीच्या पाण्यासारखा नितळ. इतका नितळ, की तिला पहिल्यांदाच ऐकू आलं... वरच्या सुराला तिची दांडी दर वेळी केसभर अलीकडेच थांबत होती!

ती थिजली. "हे... मी?"

"हं."

"पहिल्यापासून? आणि तुम्हाला कळत होतं?"

"मशीन वाईट होतंच." तो खाली बघत पुटपुटला. "पण तुमचा हात चुकतोय म्हटलं असतं, तर तुम्ही घरीच सराव करत बसला असतात. इथे... कशाला आला असतात?"

लबाड! तिचे कान तापले. तिने दांडी उचलली आणि तोच सूर पुन्हा लावला. पुन्हा. पुन्हा. सापडेपर्यंत उठली नाही.

शनिवारी कोणी हसलं नाही. क्षणभर तर टाळीसुद्धा नाही! आणि मग... टाळ्यांनी मांडव दणाणला.

पडद्यामागे सुमंत वायर गुंडाळत होता.

"झालं," तो पडेल आवाजात म्हणाला. "आता दुकानात यायचं कारण संपलं."

"सोमवारी येते," लीना म्हणाली.

"आता आणखी काय बदलायचंय?"

"काहीच नाही. गिटार घरी ठेवून येणार आहे."

सुमंतच्या हातातली वायर सुटून भराभरा उलगडत गेली, आणि त्याचा आ वासलेला चेहरा पाहून लीना अशी खळखळून हसली... की बाहेर सगळे माना वळवून बघायला लागले. बघू देत!